एम.एड. आहे का?

"तुमचं एम.एड. आहे का?" एवढंच विचारलं त्यांनी. पीएच.डी.चा आराखडा समोर होता, पण पहिलं पान उलटलेलं मला दिसलं नाही. नाही म्हटल्यावर फाइल बाजूला गेली आणि पुढच्या उमेदवाराला हाक पडली.

मी माण तालुक्यातली. घरची जिरायत जमीन. साताऱ्यात बी.एस्सी., मग भौतिकशास्त्रात एम.एस्सी.; घरचे म्हणाले निदान मास्तरकी तरी मिळेल, म्हणून बी.एड.; मग सेट आणि मग सांगली जिल्ह्यात तासिका तत्त्वावर प्राध्यापकी. आमच्याकडच्या निम्म्या स्टाफरूमची कथा हीच, त्यामुळे ती राहू दे.

प्रथम वर्षाला मेकॅनिक्स शिकवत होते. एकदा सहज विचारलं, चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटला, अजून वर चालला आहे. हवेचा विरोध सोडून द्या, त्याच्यावर बलं कोणती? खरं तर बाण एकच, गुरुत्वाचा; बहुतेकांनी दोन काढले. खाली गुरुत्वाचा, वर हाताचा. हाताचं बल संपत आलं की चेंडू थांबतो म्हणे, आणि अगदी वरच्या टोकाला बल शून्य. हीच मुलं सूत्रात किमती टाकून चेंडूची उंची बरोब्बर काढत होती! जतकडचा एक मुलगा वाद घालायलाच उभा राहिला. "मॅडम, गोफणीतून सुटलेल्या धोंड्यात जोर असतोच की. लागला की कळतंय." ज्वारीवरची पाखरं राखलेला मुलगा, त्याला काय चूक म्हणणार? चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये बुरिदान नावाचा विद्वान जवळजवळ हेच म्हणत होता. त्या दिवसापासून मी मुलांची अशी उत्तरं वहीत लिहून ठेवू लागले. बाण, खाडाखोड, त्यांच्याच शब्दांतली कारणं. पुढं वाटलं, पीएच.डी. करावी तर यावरच.

कुठल्या विद्यापीठात अर्ज केला ते सांगत नाही. आधी भौतिकशास्त्राच्या समितीपुढे गेले. प्रश्न आले: यात नवीन फिजिक्स काय? नमुना कशाचा? एक्सआरडी कुठं करणार? मी म्हटलं, नमुना म्हणजे मुलं. हसले सगळे, आणि हसणं चांगल्या मनाचं होतं, त्याचाच राग जास्त आला. एकानं समजावलं, "विषय छान आहे, पण हा शिक्षणशास्त्राचा." म्हणून शिक्षणशास्त्राकडे गेले, तर तिथं वरचा प्रश्न. मी विचारलं, न्यूटनचा नियम मुलांना कुठं अडतो हे बघायला न्यूटन येणारा माणूस नको का? उत्तर मिळालं, "नियमात बसत नाही." बरं, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं शिक्षणशास्त्र ज्या विद्याशाखेत घातलंय तिचं नाव आंतरविद्याशाखीय अभ्यास. तरी तिच्या दारातून भौतिकशास्त्राची बाई आत जात नाही. दोन्ही समित्या एकाच इमारतीत बसतात. मधल्या जिन्यात उभं राहून मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मग विषय कुणाचाच नाही म्हण की."

हे आपल्याकडचंच आहे असं मी म्हटलं असतं, पण हा विषय उभा करणाऱ्या माणसांच्या मुळाशी गेलं की गंमत दिसते. बलाविषयीच्या मुलांच्या समजुती तपासणारी, जगभर वापरली जाणारी प्रश्नावली १९९२ मध्ये डेव्हिड हेस्टिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत काढली; हेस्टिनिस सैद्धान्तिक भौतिकीचे. लिलियन मॅकडरमॉट अणुकेंद्रीय भौतिकीतून आल्या, आणि वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांच्या गटात अशाच प्रश्नांवर काम करणाऱ्यांना पीएच.डी. मिळायची ती भौतिकशास्त्राचीच. लांब कशाला, मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून (टीआयएफआर) उभं राहिलं. त्याचे पहिले संचालक वि. गो. कुळकर्णी भौतिकीतले, आणि केंद्राचं सुरुवातीचं काम खिरोदा गावाकडच्या शाळांत. साताऱ्यात जन्मलेले रँग्लर ग. स. महाजनी गणित शिकवता शिकवता फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, पुढं कुलगुरूही. त्यांना एम.एड. कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

शेवटी पीएच.डी. केली ती थिन फिल्मवर. आपल्या भागात निम्मं फिजिक्स थिन फिल्मच आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बीकर, हॉटप्लेट, काचेच्या पट्ट्या आणि चिकाटी एवढ्यावर सुरुवात होते. कोट्यवधींची उपकरणं नसलेल्या कॉलेजांतून शेतकऱ्यांची पोरं डॉक्टर झाली ती याच वाटेनं. १९१९ मध्ये कराडजवळ काल्यात रयत शिक्षण संस्था निघाली, त्याच वर्षी सांगलीत डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं विलिंग्डन कॉलेज सुरू झालं. या दोन टोकांमध्ये आमच्या पिढ्या शिकल्या. मी कॅडमियम सल्फाइडचे थर चढवले, पेपर छापले, कायम झाले. पण त्या थरांचा माझ्या मेकॅनिक्सच्या तासाला आजवर काडीचा उपयोग झालेला नाही. वह्यांचा रोज होतो, आणि बढतीसाठीच्या एपीआयचा एक गुणही त्यांना कधी मिळाला नाही.

तरुण शिक्षक सल्ला विचारतात. मी सांगते, आधी थिन फिल्म करून घ्या, नोकरी पक्की करा, मग मुलांच्या डोक्यात डोकवा. असला सल्ला देऊ नये हे मला कळतं. पण बिनपगारी उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी काढल्यात.

एम.एड.वाल्यांवर माझा फार राग होता. विज्ञान शिक्षणावरचे त्यांचे प्रबंध वाचून तो वाढलाच. प्रायोगिक गट, नियंत्रित गट, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, आणि कार्यक्रम हटकून परिणामकारक. विषयातून आलेला माणूस असं करणार नाही, अशी माझी खात्री होती. मागं एकदा तासिका तत्त्वावरच्या जागांसाठी मुलाखती घ्यायला बसले. समोरचा उमेदवार फिजिक्सचा पीएच.डी., सुपरकपॅसिटरवर काम, पेपरांची यादी लांबलचक. मी खडू दिला आणि चेंडूचा प्रश्न विचारला. त्यानं शांतपणे फळ्यावर दोन बाण काढले, एक वर, एक खाली, आणि वरचा हळूहळू कमी होतो असंही सांगितलं.

त्याची निवड झाली. आता माझ्या शेजारच्या वर्गात मेकॅनिक्स तोच शिकवतो, आणि मुलं म्हणतात, सर लई भारी शिकवतात.