रांगेतले फोटो

लग्नात स्टेजवर रांगा लावून काढतात त्या फोटोंची मी वर्षानुवर्षं यथेच्छ टिंगल केली. मध्ये वधू-वर, दोन्ही बाजूंना आधी मामाकडचे, मग ऑफिसचे, मग सोसायटीतले, आणि प्रत्येक फोटोत त्या दोघांचे तेच दमलेले चेहरे. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी ठासून सांगितलं होतं, फोटोग्राफर कँडिडवालाच हवा. ट्रॅडिशनलवाला पॅकेजमध्येच होता म्हणून आला, नाहीतर मी त्याला कटाप केलं असतं.

कँडिडवाल्या मुलांचं काम सुरेख होतं. अंतरपाटाच्या अलीकडे डोळे मिटून उभी असलेली मुलगी, मुंडावळ्यांआडचा तिच्या कपाळावरचा घाम... ते फोटो मला आजही आवडतात. माझं मत फिरलं ते अल्बमसाठी फोटो निवडायला बसल्यावर.

हार्ड डिस्कवर हजारो फोटो येतात, १२ बाय ३६ इंची अल्बममध्ये त्यातले थोडेच जातात, आणि निवड घरच्यांनी करायची असते. हे काम बहुतेक घरांत महिनोन्महिने रेंगाळतं, तसं आमच्याकडेही रेंगाळलं. शेवटी सासूबाईंना शेजारी बसवून सुरुवात केली. कलात्मक फोटो आले की त्या "छान, छान" म्हणून पुढे जायला सांगत. रांगेतला फोटो आला की "थांब गं" म्हणत, आणि स्क्रीनला बोट टेकवून डावीकडून एकेक माणूस बघत. "या वाईच्या वन्सं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी जिना चढून आल्या." "हा कोण? याला आमंत्रण कुणी दिलं?" "हिच्या गळ्यातली ठुशी बघ, माझ्या आईची आहे ती." एकेका फोटोला पाच-पाच मिनिटं.

त्याच वाईच्या वन्सं मग मी कँडिडमध्ये शोधल्या. एका फोटोत होत्या. मुलीच्या खांद्यामागे, जांभळ्या रंगाचा एक धूसर पुंजका. लेन्सचं ॲपर्चर मोठं ठेवलं की मागचं सगळं विरघळतं आणि पुढचा चेहरा उठून येतो; त्या फोटोंचं सौंदर्यच ते. पण आमचे चुलते, माम्या, वन्सं सगळे त्या विरघळलेल्या भागात गेले होते!

मग ट्रॅडिशनलवाल्याने त्या दिवशी काय काय केलं ते आठवायला लागलं. पन्नाशीचा गृहस्थ, रोलच्या कॅमेऱ्यावर हात बसलेला. एका रोलमध्ये ३६ फ्रेम, त्यामुळे बटण दाबण्याआधी बघायची सवय. मुहूर्ताआधी तो गुरुजींशेजारी जाऊन बसला होता. कानपिळीला भाऊ कुठल्या बाजूने येणार, लाजाहोमाला धूर कुणीकडे जाईल, सूनमुख इथेच की खोलीत, सगळं विचारून घेतलं. मंगलाष्टकं सुरू झाल्यावर त्याने मदतनीस पोराला समोरच्या बाजूला पाठवलं, कारण अंतरपाट खाली येतो तेव्हा दोन्ही चेहरे एका जागेवरून मिळत नाहीत. शेवटचं 'सावधान' झालं की वाजंत्री, टाळ्या, अक्षता, सगळं एकदमच होतं, आणि गुरुजींना पुन्हा एकदा घ्या म्हणता येत नाही. स्टेजवर तर तो जवळजवळ ओरडतच होता. "काकू, पदर सारखा करा. उंच मंडळी मागे. आजोबा, तुम्हाला मी दिसतोय का? मग तुम्ही फोटोत दिसाल." प्रत्येक घोळक्याचे दोन फोटो, कारण एकात कुणीतरी डोळे मिटतंच. तेव्हा मला तो आरडाओरडा फार गावंढळ वाटला होता.

आता पुतण्याचं लग्न आहे आणि फोटोग्राफर ठरवायचं काम माझ्याकडे आलंय. इन्स्टाग्रामवरचे निवडक फोटो मी बघत नाही. कुठल्याही एका लग्नाचे हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे फोटो दाखवा म्हणते. दुपारच्या पंगतीत, हॉलच्या ट्यूबलाइटखाली माणूस कसा फोटो काढतो ते तिथे कळतं. प्रत्यक्ष कोण येणार तेही विचारते, कारण बुकिंग स्टुडिओचा मालक घेतो आणि मांडवात भलताच उभा राहतो. करार मात्र शब्दन् शब्द वाचते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे पहिले हक्क पैसे देणाऱ्याचे असतात, करारात उलट लिहिलेलं नसेल तर. आणि उलट लिहिलेलं असू शकतं, तेही बारीक टायपात. आमच्या सुनेचे हळदीतले फोटो स्टुडिओच्या जाहिरातीत जावेत का, हे तिने ठरवायचं.

बजेट आखडतं झालं तर कँडिडचा एक माणूस कमी करा, ट्रॅडिशनलवाला अनुभवीच हवा, असं मी घरी सांगून टाकलंय. पुतण्या हसला. त्याची आई, म्हणजे माझी जाऊ, जास्त हसली. माझी जुनी भाषणं तिने ऐकलेली आहेत.

प्री-वेडिंगबद्दल मात्र माझं मत होतं तेच आहे. किल्ल्यावर रंगीत धूर सोडून, गॉगल लावून पळायचं आणि त्याला प्रेमकहाणी म्हणायचं, हे मला अजून झेपत नाही. पुतण्याला ते हवंच आहे. त्याचे पैसे त्याने स्वतः भरावेत, एवढं ठरलंय.