उतारशाळा

पावसाळ्यात वसईहून खाली कोकणात उतरायला लागलं की गावांआधी नद्याच भेटतात. पेणला भोगावती, नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, खेडच्या अलीकडे जगबुडी. एरवी गाडीतली पोरं गाण्यांच्या भेंड्यांत रंगलेली असतात, तेव्हा पुलाखालून काय वाहतंय याकडे कुणाचं लक्ष नसतं. 2021च्या त्या पावसाळ्यात मात्र प्रत्येक पूल आला की गाडी आपोआप गप्प व्हायची. सगळे खिडकीशी. पाणी उतरलेलं होतं, पण झाडांच्या शेंड्यांना अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या सांगत होत्या, की ते कुठवर चढलं होतं. महाडच्या पुलावर कुणीतरी हळूच क्रूसाची खूण केली. 2016च्या ऑगस्टमध्ये सावित्रीचा जुना पूल भर रात्री वाहून गेला होता, ही बातमी ऐकली तेव्हा यातली निम्मी पोरं शाळेत होती.

22 जुलैच्या पहाटे चिपळुणात वाशिष्ठी आणि शिवनदी शहरात शिरल्या. त्याच दिवशी संध्याकाळी महाडजवळच्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. चिपळूणकरांना पूर नवा नाही. 26 जुलै 2005चं पाणी कुठवर आलं होतं ते इथल्या प्रत्येक दुकानदाराला पाठ. त्या खुणेच्या वर फळ्या ठोकायच्या, पोटमाळा करायचा, माल वर चढवायचा, हा इथला रिवाज. पण या वेळी पाणी खुणेच्याही वर गेलं. ज्यांनी शहाणपणाने माल वर ठेवला होता त्यांचाही भिजला. घाटावर आणि खोऱ्यात कोसळणारा पाऊस, पौर्णिमेच्या आसपासची भरती, गाळाने उथळ झालेलं पात्र, आणि वीज तयार करून कोयनेचं जे पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं ते. यातल्या कुणाच्या वाट्याला किती दोष द्यायचा, यावर चिपळूणचा माणूस आजही तासभर बोलेल. आपण ऐकून घ्यावं.

आमचा युवक-युवतींचा गट वसईतल्या एका धर्मग्रामातला. मी त्यांच्याबरोबर मोठं माणूस म्हणून गेले. पोरं मला टीचर म्हणतात. ते दिवस विचित्र होते. करोनाची दुसरी लाट ओसरत होती, पण प्रार्थनास्थळं बंदच होती. ती उघडली ऑक्टोबरात, घटस्थापनेच्या दिवशी. तोवर रविवारची मिस्सा मोबाइलवर. गायनवृंदातली मुलगी आपल्या खोलीत बसून एकटीच गायची. अशा वेळी चिपळूणची छायाचित्रं आली आणि धर्मग्रामाच्या ग्रुपवर एकाने विचारलं, ‘जायचं का?’ परवानग्या, चाचण्यांचे अहवाल, टेम्पो, डिझेल, सगळं जमत गेलं. कुणी वाडीतली केळी दिली, कुणी झाडू, कुणी पाण्याचे बॉक्स. पुराची वसईच्या माणसाला सवय आहे असं नाही, पण आठवण आहे. 2018च्या जुलैत वसई आठवडाभर पाण्यात होती, मिठागरात माणसं अडकली होती, वीज नव्हती. बुडालेल्या घरात पहिल्यांदा काय लागतं, हे आमच्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही. मेणबत्त्या, माचिस आणि सॅनिटरी पॅड त्यांनी यादीत सगळ्यात वर लिहिले.

निघताना फादरांनी लांबलचक प्रवचन दिलं नाही. दयाळू शोमरोन्याची गोष्ट सांगितली, तीही थोडक्यात. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला मारून टाकून दिलेलं. याजक बघून पुढे गेला, लेवी पुढे गेला. ज्याच्याशी बोलायचीही रीत नव्हती तो शोमरोनी मात्र थांबला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेलं. इथवरची गोष्ट प्रत्येकाला पाठ असते. फादर म्हणाले, ‘पुढचं वाचा. दुसऱ्या दिवशी तो निघून जातो. उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवतो आणि सांगतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन.’ एवढंच. मग गाडी सुटली.

चिपळूण आधी नाकाला कळलं. रॉकेल, कुजलेलं धान्य, गटार आणि ओला प्लायवूड यांचा एकत्र वास. बाजारपेठेत रस्त्याच्या दोन्ही कडांना गाद्या, सोफे, फ्रिज, वह्यांचे गठ्ठे, साड्यांचे बोळे यांची रास माणसाच्या डोक्याइतकी. मधून जेसीबी आणि डंपर. आणि सगळीकडे गाळ. हा गाळ आम्ही वसईत पाहिलेल्या चिखलासारखा नव्हता. ओला असताना तो पिठल्यासारखा सरकतो. एकदा ऊन लागलं की पहारीशिवाय निघत नाही. म्हणून घाई. घर साफ करायची रीतही ठरलेली. मागच्या खोलीपासून सुरू करून दाराकडे यायचं. आधी फावड्याने जाड थर, मग वायपर, मग पाण्याचा फवारा, शेवटी ब्लीचिंग पावडर. आधीच पाणी मारलं तर गाळ भिंतीच्या भेगांत आणि विजेच्या बटणांत जाऊन बसतो. पायात गमबूट, आणि लेप्टोची भीती म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी.

आमच्यात संगणकावर काम करणारे होते, नर्सिंगच्या मुली होत्या, आणि बापाबरोबर वाडीत राबणारा एक मुलगा होता. एरवी तो सभांमध्ये मागच्या बाकावर बसतो, बोलत नाही. चिपळुणात पहिल्या तासाभरात गटाचा पुढारी तोच झाला. कुणी न ठरवता. ‘हाताने ओढू नकोस, कमरेतून उचल,’ असं तो इंजिनीअरला सांगत होता आणि इंजिनीअर ऐकत होता. घमेल्यांची साखळी त्याने लावली: उंच पोरं दाराशी, कारण तिथे घमेलं रिकामं करायला जोर लागतो, बारक्या मुली आतल्या वळणावर, कारण तिथे जागा कमी.

आमच्या वाट्याला आलेलं एक घर निवृत्त शिक्षकांचं होतं. तळमजल्यावर दोघंच, आजी आणि आजोबा. आत शिरलो तर फ्रिज स्वयंपाकघरातून तरंगत येऊन बैठकीच्या दारात आडवा पडलेला. कडधान्याच्या डब्यांत मुगाला मोड येऊन तो आंबून गेला होता. पोरं जोशात होती. दिसेल ते उचलून बाहेर. आजोबांनी दाराशी खुर्ची टाकली आणि हात वर केला. ‘थांबा. तलाठ्याचा पंचनामा राहिलाय. आणि काय टाकायचं ते मी सांगणार.’

मग सुरू झालं एक वेगळंच काम. प्रत्येक वस्तू त्यांच्यासमोर धरायची आणि विचारायचं, ठेवू की टाकू? सोफा टाका. मिक्सर ठेवा, बघू सुकल्यावर. पितळी कळशी ठेवा, तिला काय होतंय. रेडिओ? ते जरा थांबले. टाका. लोखंडी कपाट उघडायला दोन पोरं लागली. आतल्या साड्यांचे रंग एकमेकींत उतरले होते. आजींनी त्यातली एकच मागितली, किरमिजी काठाची; बाकीच्यांकडे पाहिलंही नाही. कपाटाच्या चोरकप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. सातबारा, विम्याच्या पावत्या, मुलाची दहावीची गुणपत्रिका, लग्नाचा एक फोटो. नर्सिंगच्या दोघी मुली जमिनीवर बसल्या आणि एकेक कागद बोटांनी सोडवू लागल्या. ओला कागद कडेने ओढला तर फाटतो. मध्ये हवा जाऊ द्यावी लागते. फोटोतला नवरदेव कागदाला चिकटून निघून आला, नवरीचा चेहरा तेवढा शाबूत राहिला. आजोबा बघत म्हणाले, ‘बरोबर. मला कोण ओळखतंय? तिलाच ठेवा.’ आणि आजी फिसकन हसल्या. त्या घरात शिरल्यापासून आम्ही ऐकलेलं ते पहिलं हसू. कागद पॅसेजमधल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातले.

त्या अर्ध्या दिवसात घरातला गाळ निम्माच निघाला. बाजूच्या घरातल्या दुसऱ्या एका गटाने तोवर दोन खोल्या मोकळ्या केल्या होत्या. आमच्या पोरांना ते जरा लागलं. पण पाण्याने ज्यांना काही विचारलं नव्हतं, त्यांना आपण तरी विचारावं, एवढं त्यांना त्या दिवशी उमगलं असावं. पुढच्या प्रत्येक घरात कुणीही सांगण्याआधी ती पोरं घरच्यांसाठी आधी खुर्ची शोधायची.

चहा आला तेव्हा आजोबांनी चौकशी केली. ‘कुठले तुम्ही?’ ‘वसईचे.’ ‘अरे! चिमाजी अप्पांच्या वसईचे!’ शिक्षक जागा झाला. वर परशुरामाचं देऊळ आहे, तिथले ब्रह्मेंद्रस्वामी. त्यांचे शिष्य चिमाजी अप्पा. त्यांनी 1739 साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली. ‘म्हणजे आपलं जुनंच नातं,’ असं म्हणून त्यांनी एका पोराचं नाव विचारलं. नाव ऐकून क्षणभर थांबले. ‘किरिस्ताव का?’ मुलगा म्हणाला, ‘हो आजोबा. चिमाजी अप्पांनी आमच्या चर्चच्या घंटा नेल्या, त्यातली एक भीमाशंकरला अजून वाजते.’ आजोबांनी कप खाली ठेवला आणि पोट धरून हसले. पण थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलंच, ‘यांच्याकडे काही पुस्तकं-बिस्तकं वाटायला नाहीत ना?’ मला राग आला नाही. संकटातल्या माणसाच्या दारात कुणी काही घेऊन आलं, तर त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे हे बघायचा हक्क त्याला आहेच. मी म्हणाले, ‘फावडी आहेत.’ ते म्हणाले, ‘मग राहू द्या.’

जेवण वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे होतं. त्या पहाटे पाणी चढायला लागलं तेव्हा या काकूंनी दार उघडून गल्लीतल्या सगळ्यांना वर घेतलं होतं. दिवस-रात्र तेवढ्याशा जागेत माणसं, एक तान्हं मूल आणि कुणाचं तरी मांजर. पाणी उतरल्यावरही दार बंद झालं नव्हतं. गॅस त्यांचा, भांडी त्यांची, तांदूळ कुठून कुठून आलेला. कुणाला मधुमेहाची गोळी लागते, कुणाला रात्री एकटं झोपायची भीती वाटते, कुणाच्या मुलाला मुंबईत फोन लागलेला नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात. आम्हाला वाढता वाढता त्या खिडकीतून खाली कुणाला तरी सांगत होत्या, ‘बाय गो, तुझ्या सासूबाईंचा चष्मा आमच्याकडे राहिलाय!’ वृत्तपत्रात त्यांचं नाव आलं नाही, येणारही नाही. भाताचा घास हातात असताना मला फादरांची गोष्ट कळली. चर्चच्या रंगीत काचांवर शोमरोनी असतो, त्याचं जनावर असतं, जखमी असतो. उतारशाळेचा मालक कुठे दिसत नाही. पण रात्री कण्हणाऱ्याला पाणी कोणी दिलं? पट्ट्या कोणी बदलल्या? शोमरोनी तर सकाळी गेला.

आम्हीही जाणारेच होतो. आणि आमच्यासारखे कितीतरी. चौकात राज्यभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचा डोंगर पावसात भिजत होता. गावाला आपल्या गाळाबरोबर आता पाहुण्यांचा कचराही उचलायचा होता. कुणी ट्रकभर बिस्किटं आणली, पण पिण्याच्या पाण्याचा टँकर कुठे थांबतो हे विचारलं नाही. वाईट कुणीच नव्हतं. कुणी काकूंना विचारलं नव्हतं, इतकंच. निघायच्या आधी गटाने जमवलेल्यातले उरलेले पैसे कुठे द्यायचे यावर चर्चा झाली. बॅनर लावून वाटप करावं असं एक मत निघालं आणि पोरांनीच ते हाणून पाडलं. पाकीट काकूंच्या हातात गेलं. त्यांनी वही काढली आणि आमच्यासमोर रक्कम लिहून घेतली. हिशेब मागायची गरज आम्हाला वाटली नसती, पण तो द्यायची त्यांना होती.

वाटेत लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराकडे पोरांना घेऊन गेले. 1864 साली सुरू झालेलं हे ग्रंथालय. 2005 ला भिजलं, पुन्हा उभं राहिलं, पुन्हा भिजलं. इथे माणसं पुस्तकं वाळवायला शिकली आहेत, याचा अभिमान वाटावा की लाज, ते मला ठरवता आलं नाही.

मदतीचा ओघ गणपतीपर्यंत आटला. चिपळूणकरांचं काम खरं तिथून सुरू झालं. पूररेषेचे निळे-लाल पट्टे नकाशावर आले आणि आपलं घर कोणत्या पट्ट्यात, ही नवी चिंता. डिसेंबरात लोक वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून उपोषणाला बसले. साखळी उपोषण आठवडेच्या आठवडे चाललं, तेव्हा कुठे यंत्रं नदीत उतरली. पुढच्या उन्हाळ्यात आमची पोरं पुन्हा गेली. फावडी न घेता, नुसती भेटायला. आजोबांनी भिंतीवर 2021ची रेघ लाल ऑइलपेंटने मारून घेतली होती आणि कागदांची पिशवी माळ्यावरही न ठेवता वरच्या काकूंकडे ठेवली होती. पोरांना त्यांनी नदी दाखवायला नेलं आणि गाळ किती निघाला, किती निघायचाय, हे शिक्षकाच्या तपशिलाने समजावलं. आमच्या पोरांनी तिथे वसईची पाणथळ जमीन आठवली. हरित वसईसाठी त्यांच्या आजी-आजोबांनी मोर्चे काढले होते, आणि आता त्याच जमिनीवर भराव पडतोय. परतल्यावर त्यांनी आपल्या गावातले नाले कुठे बुजवलेत ते चालत जाऊन नोंदवायला घेतलं. मला चिपळूणच्या फेरीचं सगळ्यात मोठं फळ हेच वाटतं.

पुढचा पूर येणार आहे; कुठल्या गावात एवढंच ठरायचंय. तेव्हा जरूर जा, तरुण पोरांना घेऊन जा. पण कपाटातले जुने कपडे भरण्याआधी त्या गल्लीतल्या वरच्या मजल्यावर कोण राहतं ते शोधा, तिला फोन करा, ती सांगेल ते न्या आणि ती सांगेल तेवढंच करा. पैसे तिच्या हातात द्या. आणि निघताना परत यायचा महिना ठरवून निघा.