सोमवारी निरोप नको

"रडू दे, दोन दिवसांत रुळेल." हडपसरच्या एका बालवाडीत चोवीस वर्षं मी हे वाक्य आयांना ऐकवलं. पोराला आत घ्यायचं, दाराला कडी घालायची आणि आईला खिडकीशीसुद्धा रेंगाळू द्यायचं नाही, असा आमचा रिवाज. आई दिसली की पोर पुन्हा भोकाड पसरतं, एवढंच त्यामागचं शास्त्र.

2019 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या नॉयकोल्न भागात एका वीतभर उंचीच्या खुर्चीवर मी गुडघे छातीशी घेऊन बसले होते. समोर दोन वर्षांचा नातू आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर मांडी घालून बसलेली त्याच्या गटाची शिक्षिका. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी मिळून कसंबसं एक इंग्रजी होत होतं. त्यात तिने सांगितलं ते एवढंच: आज काही करायचं नाही, फक्त बसायचं. तो आला तर जवळ घ्या, नाही आला तर बोलावू नका.

तिथल्या पाळणाघर-बालवाडीला 'किटा' म्हणतात आणि या बसण्याला 'आइनगेव्योनुंग'. मी आपलं त्याला रुळवणी म्हणते. 1980 च्या दशकात बर्लिनमध्येच या रुळवणीची एक पद्धत आखली गेली आणि आता ती जर्मनीभर चालते. पहिले तीन दिवस घरचं माणूस तासभर मुलासोबत वर्गात बसतं, मुलाला सोडून जायचं नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा निरोप, तोही काही मिनिटांचा, फार तर अर्ध्या तासाचा. मूल शांतच होईना तर माणसाला परत आत बोलावायचं. डोळा चुकवून सटकायचं नाही, 'जाते' असं सांगूनच जायचं. आणि चौथा दिवस सोमवार आला तर निरोप मंगळवारवर ढकलायचा, कारण शनिवार-रविवार घरी काढून आलेलं मूल सोमवारी पुन्हा नवखं असतं. आमची सुरुवात बुधवारी झाली, म्हणजे चौथा दिवस नेमका सोमवारच. हा नियम ऐकून मी मनातल्या मनात हसले होते. सोमवारचीही पथ्यं पाळतात म्हणे!

खरं तर तिथे लेकीने बसायचं. पण तिची नोकरी नवी, रजा शिल्लक नाही, म्हणून नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेली आजी हाताशी धरली. ही जागा तरी कुठे सहज मिळाली होती? वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क जर्मनीत 2013 पासून आहे. बर्लिनमध्ये तर 2018 च्या ऑगस्टपासून फीसुद्धा नाही, तेव्हा जेवणाचे महिना 23 युरो तेवढे भरावे लागत. हक्क होता, पण तेव्हा खुर्च्या आणि शिक्षक अपुरे होते. लेकीने तीसेक ठिकाणी नावं घातली, फोन केले, ईमेल पाठवले. तिला जर्मन येतं म्हणून निभलं. ज्यांना येत नाही ते फोनवर काय बोलणार? दारातलं स्वागत कितीही गोड असो, दारापर्यंतची ही रांग परक्या माणसाला जास्त लांब पडते, असं माझं मत झालं.

वर्गात आणखी एक घर रुळत होतं. तीन वर्षांची सीरियन मुलगी आणि तिचे वडील. धिप्पाड माणूस, पण त्या खुर्चीवर माझ्यासारखाच अवघडलेला. पहिल्या दिवशी त्याने कोट काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी गळ्यात लाल स्कार्फ घातलेली एक बाई आली आणि त्याच्याशी अरबीत बोलू लागली. शिक्षिकेने जेवणाचा तक्ता काढला. त्यावर प्रत्येक पदार्थाशेजारी प्राण्याचं चित्र होतं: डुक्कर, कोंबडी, मासा. त्याने डुकरावर बोट ठेवून मान हलवली, शिक्षिकेने तशी नोंद केली आणि तेव्हा कुठे त्याने कोट खुंटीला अडकवला. माझी पाळी आली तेव्हा मी तिन्ही चित्रांवर बोट ठेवलं. "अंडं?" तिने हातानेच अंड्याचा आकार करून विचारलं. अंडं चालतं, म्हटलं.

तो लाल स्कार्फ म्हणजे 'श्टाटटाइलम्युटर', मोहल्ल्यातल्या आया. नॉयकोल्नमध्ये 2004 साली हा उपक्रम सुरू झाला. तुर्की, अरबी बोलणाऱ्या, स्वतः कधीतरी परक्या म्हणून आलेल्या बायकांना काही महिने शिकवून तयार करतात आणि मग त्या आपल्यासारख्याच घरांत जाऊन बालवाडी, शाळा, आरोग्य यांच्या गोष्टी समजावतात. बालवाडीकडे न येणाऱ्या घरांकडे बालवाडीने जायचं, ही कल्पना मला नवी नव्हती. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत काम मांडलं तेव्हा वस्तीतली मुलं शाळेत येईनात, म्हणून त्या आणि अनुताई वाघ शाळाच वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. आजच्या 'अंगणवाडी' या शब्दामागे ते अंगण आहे. हे मला पाठ होतं. परीक्षेत मी त्यावर टीपही लिहिली होती. पुढे वर्गाच्या दाराला कडी घालताना ती टीप कधी आठवली नाही.

लेकीला शिक्षिकेने पहिल्याच भेटीत बजावलं होतं, घरी मराठीच बोला. पोराला त्रास नको म्हणून ही आपली महिनाभर त्याच्याशी तुटकं जर्मन बोलत होती. "आई, मला वाटलं ओरडतील," ती नंतर मला म्हणाली. शिक्षिकेने उलट एक कोरा कागद दिला: त्याच्या रोजच्या वापरातले शब्द रोमन लिपीत लिहून आणा. आम्ही दोघींनी रात्री यादी केली. पाणी, भूक, शू, झोप, आई, आजी, उचल, दुखतंय.

'पाणी' लिहिताना माझा हात थांबला.

2006 च्या सुमारास आमच्या बालवाडीजवळ मोठं बांधकाम चाललं होतं. कलबुर्गीकडची मजुरांची कुटुंबं तिथे पत्र्याच्या खोल्यांत राहायची. त्यांतली एक चार वर्षांची मुलगी आमच्याकडे यायला लागली. कोपऱ्यात बसून ती एकच धोशा लावायची, 'नीर बेकू, बेकू'. मुलांनी तिचं नावच बेकू पाडलं. खोटं कशाला सांगू, मीही त्याच नावाने हाक मारायचे. आठवड्याने तिचा बाप तिला न्यायला आला तेव्हा कळलं, कन्नडमध्ये ती पाणी मागत होती. माठ वर्गातच होता, तिच्यापासून पाच पावलांवर. ती दिवाळीनंतर आली नाही. इमारत पुरी झाली की ती माणसं पुढच्या साइटवर जातात. मला तिचं खरं नाव आज सांगता येणार नाही.

मंगळवारी मी नातवाला सांगून बाहेर गेले. बाहेर सीरियन बाबा बसलेले होते. त्यांनी थर्मासमधला चहा माझ्यापुढे केला. सातव्या मिनिटाला दार उघडलं आणि मला आत बोलावलं. पोराचा चेहरा लालबुंद झाला होता. बुधवारी वीस मिनिटं निघाली.

गुरुवारी पाऊस होता. तिथे पावसातही मुलांना बाहेर सोडतात, चिखलात खेळायच्या रबरी विजारी घालून. थोड्या वेळाने शिक्षिका यादीचा कागद आणि पेन्सिल घेऊन माझ्याकडे आली. तो सारखा एक शब्द म्हणतोय, यादीत नाही. 'नोको' म्हणजे काय?

आम्ही दोघींनी मिळून आठ शब्द लिहिले होते आणि 'नको' विसरलो होतो. मी लिहून दिला, दोन्ही हात हलवून अर्थ सांगितला. तिने तो दोनदा म्हणून पाहिला. उघड्या दारातून दिसत होतं, नातू विजारीच्या एका पायात अडकून उभा. तिने विजार उतरवली, खुंटीला टांगली आणि त्याला कडेवर घेऊन पाऊस बघायला खिडकीशी नेलं.