बाइकच्या पोटाखालची गोष्ट

ठक्!

आवाज एवढाच झाला. वाघेरा घाटाच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून मी एका पाड्याकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेला लागले होते. ऑक्टोबरमधला रविवार, पावसाने धुतलेले डोंगर, मोबाइलला रेंज नाही म्हणजे एडिटरचा फोनही नाही... लाइफ एकदम सही! अशा वेळी एका 'ठक्'कडे कोण लक्ष देतं?

थोडं पुढे ओढ्यापाशी फोटोसाठी थांबले. इंजिन चालूच होतं. समोरून येणारे एक बाबा लांबूनच ओरडले, "पोरी, आधी गाडी बंद कर! तेल सांडतंय बघ!"

वाकून पाहिलं, तर इंजिनखालून काळी धार लागलेली. बाबांनी घरून एक जुनं पातेलं आणलं आणि धारेखाली ठेवलं. मग चुलीतली राख आणून जमिनीवरच्या तेलावर पसरली. "खाली बायका पाणी भरतात," एवढंच म्हणाले. मी कॅमेरा गुपचूप बॅगेत टाकला.

गिरणाऱ्याला टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालेल्या एका पिकअपमध्ये बाइक बांधून मी परत आले. अख्खा रस्ता एकच प्रश्न डोक्यात. माझ्या बाइकला स्किड प्लेट होती की! सेकंडहँड घेताना ती चकाचक प्लेट बघूनच तर मी फिदा झाले होते. मग इंजिन फुटलं कसं?

नाशिककरांना हा प्रश्न परवडणारा नाही. २०१६ मध्ये रॉयल एन्फिल्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २००. दोन्हींचा ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर. तेव्हापासून आयटीवाले, बँकवाले, सगळेच मिसळ हाणून हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या वाटेला लागलेत. पण वाटेत पडलेला तो काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट. आणि इंजिनचं केसिंग म्हणजे ओतीव अ‍ॅल्युमिनियम. फटका बसला तर ते वाकत नाही, तडकतं. तेल गेलं की उरलेलं इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही.

मंगळवारी अंबड एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरकाकांकडे पोचले. त्यांनी माझी प्लेट काढली, उलटी केली आणि विचारलं, "ताई, ही कशाला टांगली होती?"

इंजिनच्याच बोल्टला! फ्रेमला नाहीच. वर प्लेट आणि ड्रेन बोल्ट यांच्यात जेमतेम कागदाएवढी फट. म्हणजे दगड प्लेटला लागला आणि प्लेटने तो फटका इमानदारीत थेट केसिंगला पोचवला. आर्गन वेल्डिंग, गॅस्केट, नवीन ऑइल... माझ्या दोन लेखांचं मानधन गेलं. काका म्हणाले, "अशी प्लेट असण्यापेक्षा नसलेली बरी. नसली तर माणूस निदान जपून चालवतो."

त्या दुपारी चहाच्या दोन राउंडमध्ये जे शिकले, ते तुमच्यासाठी.

फंडा नंबर एक : टांगणी बघा, चमक नाही. प्लेट फ्रेमच्या पाइपांना क्लॅम्पने बसलेली हवी. काही बाइक्सना खाली पाइपच नसतो, इंजिन हाच फ्रेमचा भाग असतो. तिथे फ्रेमच्या टोकांपासून ब्रॅकेट आणि रबर बुश घ्यावे लागतात. इंजिन आणि प्लेटमध्ये बोटभर जागा हवीच, कारण प्लेट वाकणार. तेच तर तिचं काम!

नंबर दोन : धातू निवडा तो तुमच्या रस्त्यासाठी. साधारण ३५ बाय ४५ सेंटिमीटरची पाटी धरा. ४ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियममध्ये तिचं वजन पावणेदोन किलोपर्यंत भरतं. ३ मिलिमीटर लोखंडात पावणेचार. लोखंड स्वस्त, गावात कुठेही वेल्डिंग होतं, पण गंजतं. अ‍ॅल्युमिनियममध्ये ५०५२ ग्रेड छान वाकतो. ६०६१-टी६ जास्त ताकदीचा, पण तीव्र कोनात वाकवताना तडकू शकतो. म्हणून घडीच्या रेषेवर बारीक भेगा आहेत का, बोट फिरवून बघा. यूएचएमडब्ल्यू नावाचं जाड प्लॅस्टिकही मिळतं. ते दगडावरून मस्त घसरतं, खडखडत नाही. पण १३० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे सायलेन्सरचा पाइप इंजिनखालून जात असेल तर विसरा.

नंबर तीन : भोकं मोजा. ऑइल बदलायला ड्रेन बोल्टखाली भोक, चिखल-पाणी निघायला चिरा, हवा लागायला समोर मोकळी जागा. बोल्टची डोकी मात्र खाली आलेली नकोत. दगड आधी त्यांनाच पकडतो. नट नायलॉन रिंगवाले घ्या आणि पहिल्या राइडनंतर सगळे पुन्हा आवळा.

आणि हो, दुकानात नुसतं 'इंजिन गार्ड' मागू नका. हातात बाजूचे क्रॅश बार येतील!

मी काय घेतलं? ४ मिलिमीटरची ५०५२, फ्रेमला चार क्लॅम्प. दिसायला अगदी साधी, पॉलिशसुद्धा नाही. मित्र म्हणाला, "ताटासारखी दिसतेय." दिसू दे!

दोन आठवड्यांनी पुन्हा निघाले. गंगापूर रोड, दुगाव, गिरणारे आणि मग तीच वाट. तोच दगड होता की त्याचा भाऊ, कोण जाणे, पण पुन्हा आवाज आला. या वेळी 'ठण्ण'! लगेच थांबले. इंजिन बंद केलं आणि गुडघे टेकून खाली पाहिलं. प्लेटवर वीतभर लांब ओरखडा. जमीन कोरडी.

बाबा अंगणातच होते. मी त्यांच्यासाठी नवीन पातेलं नेलं होतं. त्यांनी ते फिरवून पाहिलं, मग बाइककडे पाहिलं आणि विचारलं, "आज गळत नाही ना?"

"नाही बाबा."

"मग बस. चहा घेऊन जा."