उशिरा आलेलं उत्तर म्हणजे चुकीचं उत्तर

मी मोखाड्याचा. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो. गावी गेलो की लोक विचारतात, "तू नक्की बनवतोस काय रे?" मी सांगतो, कॉम्प्युटरच्या आतले रस्ते.

खोटं नाही ते. रडारसारख्या यंत्रात अनेक प्रोसेसर एकाच वेळी राबतात. पूर्वी सगळे एकाच सामाईक मार्गावरून बोलायचे. एक बोलला की बाकीचे गप्प. घाटातल्या अरुंद पुलावर एसटी शिरली की बाकी गाड्या थांबतात ना, तसं. आता मधे स्विच बसवतात. अनेक जोड्या एकाच वेळी, एकमेकींना न अडवता बोलतात. पुण्याच्या सी-डॅकने १९९८ च्या 'परम १००००' साठी 'परमनेट' नावाची अशी जोडणी इथेच घडवली.

जुन्नर तालुक्यात खोडदची रेडिओ दुर्बीण बघा. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. प्रत्येकीचा सिग्नल बाकी प्रत्येकीशी ताडायचा, म्हणजे ४३५ जोड्या. आणि आकाश कुणासाठी थांबत नाही. म्हणून आमच्या धंद्यात सरासरी वेगावर कुणी खूश होत नाही. पहिला प्रश्न असतो, सगळ्यात वाईट क्षणी उशीर किती होईल?

हाच प्रश्न जव्हार-मोखाड्यात कुणी विचारत नाही.

विजेची सूचना देणारं 'दामिनी' ॲप पुण्याच्या आयआयटीएमचं. वीज कडाडली की तिची रेडिओ लहर दूरदूरच्या सेन्सरना किंचित पुढेमागे पोचते. त्या फरकावरून जागा काढतात. एका मायक्रोसेकंदात लहर ३०० मीटर जाते, इतका बारीक हिशेब! पण आमच्या पाड्यावर दादाच्या फोनला रेंज मिळते टेकडीवर. म्हणजे वीज कुठे पडतेय हे कळायला, वीज पडत असताना, माणसानं उघड्या टेकडीवर चढायचं?

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. कागदावर "ग्रामपंचायत जोडली" असं लिहिलं की काम झालं. पण कार्यालय एका जागी, पाडे चार दिशांना. शेवटचे दोन-तीन किलोमीटर कुणाच्या हिशेबात नाहीत. त्यात पाऊस सुरू झाला की लाइट जाते, थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी संपते. नेमकी गरज असते तेव्हाच फोन मुका.

माझी मागणी साधी आहे. मोजमाप पाड्यावर करा. जूनच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात, दुपारी चारला, लाइट गेलेली असताना करा. प्रत्येक टॉवरची बॅटरी किती तास टिकते ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

तुमच्या पाड्यावर लाइट गेल्यावर रेंज किती वेळ राहते? पाड्याच्या नावासकट खाली लिहा. यादी करून येत्या ग्रामसभेत ठेवू.