मणका खरोखर सरकतो काय?

गेल्या आषाढात जांबोटीकडच्या एका वाडीवर भाताची रोपलावणी चालू असता आम्ही एका कुटुंबाच्या भेटीस निघालो होतो. वाटेत ओढा ओलांडताना पाय निसटला आणि कमरेत अशी उसण भरली की, सरळ उभे राहवेना. कसेबसे घर गाठले. घरच्या आजींनी आम्हांस घोंगडीवर पालथे निजविले, खोबरेल कोमट केले व अंगठ्यांनी कणा दाबीत म्हटले, "फादर, मणका सरकलाय तुमचा. बसवते, गप पडून राहा." तासाभराने आम्ही आपल्या पायांनी परतलो. पायाळू माणसाची लाथ खाण्याचा प्रसंग टळला, हेही आमचे भाग्यच!

आजींचे उपकार आम्ही मानतो. परंतु त्याच घरात त्यांची सून आहे. दोन वर्षांपूर्वी तिचाही मणका असाच 'सरकला' आणि 'बसला'. तो पुन्हा सरकेल या धास्तीने तेव्हापासून तिने वाकणे सोडले, घागर सोडली; धाकट्या लेकरासही ती कडेवर घेत नाही. ते पोर तिचा पदर ओढीत रडत होते, हे आम्ही पालथे पडल्या पडल्या पाहत होतो.

या गोष्टीने आमच्या मनास चटका लावला व आम्ही थोडे वाचन केले. स्वीडनमधील वैद्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मोठा उद्बोधक आहे. कमरेच्या खालचा सांधा सरकल्याचे ज्यांना सांगण्यात आले होते, अशा दहा रुग्णांचा सांधा त्यांनी हातांनी 'बसविला'. तपासणाऱ्या हातांना तो बसल्याचे जाणवले. परंतु आधीची व नंतरची सूक्ष्म क्ष-किरण मोजणी ताडून पाहता हाड जागचे हललेच नव्हते!

मग आराम कशाने पडतो? मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले की, स्पर्शाची संवेदना कण्यातील मज्जारज्जूत वेदनेची वाट अडविते. ठेच लागताच आपण बोट चोळतो, ते उगीच नव्हे. मात्र हा आराम बहुधा थोड्या काळाचा. जुनाट कंबरदुखीवरील ४७ चाचण्या व ९२११ रुग्ण एकत्र अभ्यासून २०१९ साली असे दिसले की, मणक्यांवरील हस्तोपचार हा व्यायामादी इतर मान्य उपायांच्या साधारण तोडीचाच ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मालिश व हस्तोपचार स्वीकारले, ते व्यायाम आणि समजूत यांच्या जोडीने. कंबरपट्टे मात्र नाकारले.

पडून हाड मोडल्याची शंका असेल, पायांतील बळ जात असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल किंवा पाठदुखीसोबत ताप असेल, तर चोळीत बसू नये. तडक इस्पितळ गाठावे.

आजींना हे सांगितले, तेव्हा त्या हसल्या. "सरकलाच नव्हता, तर बरे कशानं झालासा?"

"तुमच्या हातानं, आजी."

त्यांना ते पटले नाही. सून मात्र चुलीपाशी कान देऊन होती. "म्हणजे फादर, मी उचलू याला?" तिला आम्ही बेळगावास फिजिओथेरपिस्टकडे पाठविले. परवा मिस्सानंतर ती भेटली. लेकरू अद्याप चालतच आले होते. पण लहान कळशी आता आपण भरून आणतो, असे तिने सांगितले.