रात्रीचा कट्टा दिवसभर उघडा ठेवायचा का?



गेल्या आठवड्यात तिघाचौघांनी एकच मागणी केली. "नाना, आपला कट्टा रात्री आठ ते नऊच का? दिवसभर उघडा ठेवा की." एकाने तर जरा रागातच लिहिलं, माणसाला प्रश्न पडतो दुपारी बाराला आन् तुमच्या कट्ट्याला तेव्हा कुलूप.

म्हणणं खोटं नाही. पण एका ओळीत उत्तर देता येईना, म्हणून आज वावरातल्या नोंदीऐवजी हेच लिहितो. यात माझी एक चूक पण आहे. ती बऱ्याच जणांना माहीत नाही, ती पण सांगून टाकतो.

नवीन आलेल्यांसाठी थोडं मागचं. मी दहावी पास माणूस. कांद्याची वही लिहायची सवय जुनी. रोप कधी टाकलं, लागण कधी केली, पाणी किती बसलं, फवारा कशाचा मारला, गोण्या किती निघाल्या, पट्टी काय आली. तीच वही मी या पानावर टाकायला लागलो. लोकं खाली प्रश्न विचारायची. मी संध्याकाळी धारा काढून झाल्यावर बसायचो आणि उत्तर लिहायचो. कधी दोन दिवस लागायचे. पण त्या दोन दिवसांत मी आपलं पीक जाऊन बघायचो, नाहीतर दहिगाव-नेच्या कृषी विज्ञान केंद्रात कोणाला तरी विचारायचो, मगच लिहायचो. उत्तर उशिरा जायचं, पण धड जायचं.

उशिराचा तोटा कळला तो २०२३ च्या एप्रिलमध्ये. एका भावाने दुपारी चारला लिहिलं होतं, "नाना, काढलेला कांदा वावरात पडलाय, आभाळ भरलंय, तुमच्याकडं काय परिस्थिती?" आमच्याकडं तेव्हा पाऊस सुरू पण झाला होता. मी त्याचं वाचलं रात्री नऊला. त्याचा कांदा सहालाच भिजला होता. मी काय उत्तर देणार? तसंच ठेवलं.

पुतण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "नाना, आपलं पान म्हणजे ग्रामपंचायतीचा फळा आहे. लिहिलेलं वाचायला कोण कधी येईल ते येईल. आपल्याला त्याच्या जोडीला पार पाहिजे. चार माणसं एका वेळेला बसलेली पाहिजेत." मला वाटलं हे काहीतरी नवीन खूळ. तर तो म्हणे हे १९८८ चं आहे. फिनलंड देशातल्या यार्को ओइकारिनेन नावाच्या माणसाने आयआरसी म्हणून एक व्यवस्था केली, तिच्यात कुठल्याही देशातली माणसं एका खोलीत बसल्यासारखी एकाच वेळेला लिहू शकायची. १९९१ मध्ये मॉस्कोत सरकार उलथवायचा प्रयत्न झाला, बातम्या दाबल्या गेल्या, तेव्हा लोकांनी या खोल्यांतून एकमेकांना खबरा दिल्या. म्हणलं, म्हणजे आपण पस्तीस वर्षं मागं आहोत. लाव बाबा.

व्हॉट्सअॅपवर का नाही केलं, असं अजूनही विचारतात. दोन कारणं. तिथं एका ग्रुपात १,०२४ माणसंच बसतात, आधी तर २५६ आणि मग ५१२ होती. दुसरं म्हणजे प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. आपल्यात शेती करणाऱ्या बायका पण बऱ्याच आहेत. नंबर दिसला की रात्री नको ते फोन येतात, हे मला दोघीतिघींनी सांगितलं होतं. टेलिग्रामवर नंबर झाकता येतो आणि दोन लाखांपर्यंत माणसं बसतात. म्हणून तिथं कट्टा टाकला. वेळ आठ ते नऊ. नंतर लिहिणं बंद, वाचणं चालू.

पहिलं वर्ष झकास गेलं. एका संध्याकाळी वांबोरीच्या एकाने कट्ट्यावर लिहिलं, "इकडं टपोरे थेंब सुरू झाले, वारं तुमच्याकडं आहे." त्या दिवशी ढग खरंच वांबोरीकडून सोनई, घोडेगावच्या अंगाला सरकत होतं. आम्ही बापलेक बॅटरी घेऊन पळालो, ऐरणीवर आणि वावरातल्या पोळीवर कागद टाकला, कडेनं माती दाबली. अर्ध्या तासात पाऊस आला. चांद्यापर्यंत बऱ्याच जणांनी त्या एका ओळीवर कांदा झाकला. दोन दिवसांनी येणाऱ्या उत्तराचं हे काम नव्हतं.

आता माझी चूक.

तुम्हाला आठवत असेल, ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, ३१ मार्च २०२४ पर्यंत. भाव पडले. लोकं टेकीला आली. १८ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळपासून टीव्हीवर पट्टी फिरायला लागली की मंत्र्यांच्या समितीने निर्यातबंदी उठवायला मान्यता दिली. कट्टा उघडल्या उघडल्या पहिला फोटो त्या पट्टीचाच पडला. मी पण दिवसभर तेच ऐकत होतो. मी लिहिलं, "उठली बरं का बंदी! घाई करू नका, कांदा थांबवा."

मग जे सुटलं ते सुटलं. तासाभरात दोनशेच्या वर ओळी. कोणी गुलाल टाकतंय, कोणी फटाके. माझी ओळ उचलून लोकांनी गावोगावच्या ग्रुपांवर टाकली, "नाना म्हणतात" असं करून.

आपल्यातलाच एक तरुण, शेजारच्या गावचा. नाव नाही घेत. त्याचा रांगडा कांदा काढून तयार होता, भाड्याचा ट्रॅक्टर ठरलेला, सोमवारी माल निघणार होता. त्याने माझी ओळ वाचून माल थांबवला. सोमवारी लासलगावला सरासरी भाव १,८०० रुपये क्विंटल निघाला. १७ तारखेला तोच १,२८० होता. पोराचा फोन आला, "नाना, आता काढू का?" मी म्हणलं, "थांब रे, अजून वाढंल."

मंगळवारी, २० तारखेला, केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी खुलासा केला. बंदी उठवलेली नाही, ३१ मार्चपर्यंत कायम आहे. मला ते दुपारी चारला कळलं. कट्टा बंद होता. मी मनात म्हणलं, आठला सांगू सगळ्यांना. सांगितलं पण. तोवर त्या पोराने सहा वाजता ट्रॅक्टरवाल्याला कळवलं होतं, उद्या नको, अजून दोन दिवस थांबतो. त्याने साडेआठला कट्ट्यावर वाचलं आणि परत फोन लावला, तर ट्रॅक्टर दुसऱ्याच्या मालाला गेलेला. दुसऱ्या दिवशीचा लिलाव हुकला. रांगडा काही उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. आठवड्याने विकला तेव्हा निम्म्या मालाला कोंब, वास सुटलेला, पट्टी १,१५० ची. सोसायटीचं नवं-जुनं ३१ मार्चच्या आत करायला त्याला हातउसने घ्यावे लागले. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी १८ तारखेच्या सगळ्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. मध्येच कुठंतरी चांद्याच्या एका ताईंची ओळ होती. "कागद आलाय का?" एवढंच. तिच्या वर गुलाल, तिच्या खाली फटाके. कोणी उत्तर दिलं नव्हतं. मी ती पाहिली पण नव्हती, इतक्या वेगाने वर सरकली.

बातमी अगदी निराधार नव्हती. मान्यतेचं बोलणं झालं होतं, मोठमोठ्या लोकांनी टीव्हीवर सांगितलं होतं. पण निर्यात चालू होते ती विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाल्यावर, आणि ती निघालीच नव्हती. पुढे तर बंदी मार्चनंतर पण राहिली. ४ मे २०२४ ला उठली, ती पण टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. दोनशे ओळींत एका बाईने बरोबर प्रश्न विचारला आणि आमच्या गलक्यात तो बुडाला. पारावर असं झालं असतं तर कोणीतरी म्हणलं असतं, "थांबा रे, ती काय म्हणते ऐका."

खरं तर मला हे आधीच कळायला पाहिजे होतं. जून २०१७ चा पुणतांब्यापासून सुरू झालेला संप आठवा. २ तारखेच्या रात्री मुंबईत मुख्यमंत्र्यांबरोबर बैठक, ३ तारखेच्या पहाटे संप मागं घेतल्याची घोषणा, आणि लगेच दुसऱ्या गटाचं म्हणणं की संप चालूच. माझ्या मोबाईलवर तासाभरात दोन्ही निरोप आले होते. सकाळी दुधाची किटली हातात घेऊन मी दारात उभा, डेअरीला घालू का नको? शेजारी उलटं करत होता, मी सुलटं. दोघांकडं निरोप होता, खातरी कोणाकडंच नव्हती. सात वर्षांनी मीच तसा निरोप लोकांना दिला.

त्यानंतर आपण कट्ट्याला जे नियम लावले ते यातून आलेत, कोणाचं तोंड दाबायला नाही. पुतण्याने स्लो मोड लावला. एकाने एकदा लिहिलं की त्याला पाच मिनिटं थांबावं लागतं. सुरुवातीला लोकं वैतागली, पण आता प्रश्न बुडत नाही. सरकारी निर्णय सांगायचा तर अधिसूचनेचा फोटो, तारीख दिसेल असा, नाहीतर पुढं "ऐकीव" लिहायचं. औषधाचं प्रमाण कट्ट्यावर सांगायचं नाही. पिळ पडला, करपा आला, फुलकिडे झाले, फोटो टाका, ओळखायला मदत करू. पण पंपाला किती, हे बाटलीवरचं वाचा नाहीतर तज्ज्ञाला विचारा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ नंबर फुकट आहे, सकाळी सहा ते रात्री दहा चालू असतो. आणि कट्ट्यावर जे ठरलं, जे कळलं, त्याचं चार ओळींचं टाचण सकाळी या पानावर. कट्ट्यावरचं दुसऱ्या दिवशी कोणाला सापडत नाही, पानावरचं दोन वर्षांनी पण सापडतं.

आता दिवसभर उघडं ठेवायचं का?

माझा कल नाही असाच होता. दिवसभर उघडा म्हणजे दिवसभर गलका, आणि मी काय दिवसभर मोबाईल धरून बसत नाही, मोटर, जनावरं, बाया लावलेल्या असतात. राखणदार नसलेल्या खोलीत पहिली घुसते ती अफवा. पण मागणी करणाऱ्या तिघाचौघांत एक तोच तरुण आहे. परवा घरी आला होता. म्हणाला, "नाना, चुकीचं तुम्ही रविवारी बोलला. ते मी सोडून दिलं. पण मंगळवारी चारला तुम्हाला खरं कळलं, आन् कट्टा आठला उघडायचा म्हणून तुम्ही चार तास गप बसला. चूक बोलायला वेळ ठरवा, चूक खोडायला कशाला वेळ पाहिजे?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. चहा घेऊन गेला तो.

तर असं ठरवलंय. त्याच ग्रुपात दोन वेगळे विषय करतोय. एकाचं नाव "आभाळ आणि दुरुस्ती". तो दिवसरात्र उघडा. तिथं दोनच गोष्टी लिहायच्या: एक, आत्ता डोळ्याने दिसतंय ते, म्हणजे पाऊस, गारा, कालव्याला पाणी आलं, लिलावात स्वतः उभं राहून ऐकलेला भाव, गावाच्या नावासकट. दुसरी, आधी सांगितलेलं चुकलं असेल तर ते खोडणं. बाकी काही टाकलं की काढणार. दुसरा विषय म्हणजे आपला कट्टा, तो आठ ते नऊच. तिथं गप्पा, सल्ला, भांडण, सगळं.

दिवसाच्या विषयावर नजर ठेवायला चौघं लागतील, पाळीपाळीने. एक पाळी त्या तरुणाने घेतलीय, दुसरी चांद्याच्या ताईंना विचारलीय, त्या कांदा काढणी उरकल्यावर सांगते म्हणाल्या. दोन जागा मोकळ्या आहेत. ज्याला दिवसातून दोनदा मोबाईल बघायला जमतं आणि "कागद आलाय का" विचारायची लाज वाटत नाही, त्याने कळवा.

आमच्याकडं आज वापसा आला. उद्यापासून खुरपणी. चला, राम राम.